पानथरी जागेवर येईपर्यंत: प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी, दिवस ८

बांधकामाच्या साइटची डायरी लिहायची सवय हाताला आहे. किती माणसं आली, काय झालं, काय अडलं. आजपासून तेच स्वतःबद्दल लिहिते, कारण दुसरं काही करण्याची ताकद नाही.

हजर: मी (आडवी), ताई (काल रात्री बॅग घेऊन आली, किती दिवस राहणार ते सांगत नाही).

झालेलं काम: दात घासले. परत पडले.

अडथळे: घसा. ताप संध्याकाळी चढतो, काल १०२. मानेच्या मागे, केसांच्या कडेखाली दोन्हीकडे अवधाणं आलीत, बोटांखाली वाटाणे सरकावेत तशी लागतात. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. ताई म्हणाली, "रडलीस का गं रात्री?" रडायलाही घसा लागतो.

मागचा हिशोब: ४ तारखेला कणकण. ७ तारखेला डॉक्टर. टॉन्सिलवर पांढरा थर दिसला म्हणून अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्या घराण्यातलं प्रतिजैविक) मिळालं. त्यांनी मोनोची (मोनोन्यूक्लिओसिस, घसा धरणारा विषाणूचा आजार) झटपट चाचणीही केली होती, ती निगेटिव्ह आली आणि तो विषय तिथेच मिटला. गोळ्यांचा पाचवा दिवस चालू आहे, घसा होता तिथेच आहे.

१३ फेब्रुवारी, दिवस १०

पहाटे अंगाला खाज. दिवा लावून बघितलं तर पोट, पाठ, दंड, सगळीकडे लाल पुरळ. ताईने फोटो काढले, मला गाडीत घातलं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

या बाईंनी आधी मान चाचपली, मग तोंडात टाळूवरचे बारीक लाल ठिपके बघितले, मग मला उताणं झोपवून डाव्या बरगडीखाली हळूच बोटं घातली आणि म्हणाल्या, "पानथरी हाताला लागतेय." पानथरी म्हणजे प्लीहा. एरवी ती बरगडीच्या आड असते, हाताला लागत नाही.

दुपारी रिपोर्ट आले. पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट ६२ टक्के आणि त्यातल्या बऱ्याच 'ॲटिपिकल'. एसजीपीटी (यकृताच्या सुजेचा आकडा) २१०, म्हणजे वाढलेलं. मोनोची तीच चाचणी या वेळी पॉझिटिव्ह. पहिल्या आठवड्यात ती खोटी निगेटिव्ह येणं नवलाचं नाही म्हणे, चारातल्या एकाची येते. ती ज्या प्रतिपिंडांवर चालते ती रक्तात पुरेशी साठायला वेळ लागतो. साइटच्या भाषेत, आपण नमुना लवकर घेतला.

पुरळ अमॉक्सिसिलिनमुळे. मोनोत हे औषध पोटात गेलं की पुष्कळांना असं पुरळ उठतं. याचा अर्थ मला पेनिसिलिनची कायमची ॲलर्जी आहे असा होत नाही, पण नाही असंही आज ठरवता येत नाही. ते बरं झाल्यावर तपासायचं. गोळ्या बंद. विषाणूवर त्यांचा तसाही काही उपयोग नव्हता.

'ॲटिपिकल' शब्द वाचून माझं धाबं दणाणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते, नाहीतर रात्री पुन्हा तेच मनात येईल. लिम्फोसाइटमध्ये बी आणि टी असे प्रकार असतात. विषाणू शिरतो बी पेशींत. रक्तात ज्या मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी दिसतात त्या बहुतेक टी पेशी, म्हणजे त्या बिघडलेल्या बी पेशींना मारायला निघालेली आपलीच फौज. अवधाणं सुजली, पानथरी सुजली, ती याच गर्दीने. तापाचा आणि या अंग गळण्याचाही बराच भाग त्या लढाईचा आहे.

औषध काय, विचारलं तर त्यांनी चिठ्ठीवर पॅरासिटामॉल लिहिलं आणि खाली आकडा काढला: ३ ते ४ आठवडे. एवढ्या काळात जड उचलायचं नाही, धावायचं नाही, पोटावर धक्का बसेल असं काही करायचं नाही. फुटबॉलचं नावच नको. सुजलेली पानथरी फुटणं दुर्मिळ आहे, हजारात एखाद-दुसरी, पण फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. आणि दर वेळी मार लागूनच फुटते असंही नाही.

१४ फेब्रुवारी, दिवस ११

ताईने फ्रिजवर कागद लावला. अक्षर तिचं, मजकूर डॉक्टरांचा. हे झालं तर वाट बघायची नाही, थेट इस्पितळ:

पोटात डावीकडे वर अचानक जोराची कळ. काही न लागता डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं (पोटात सांडलेल्या रक्ताने छाती आणि पोटामधला पडदा दुखावतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं). घेरी, अंग गार पडणं. श्वास घेताना घरघर, लाळसुद्धा गिळता न येणं. डोळे पिवळे. मान ताठ होऊन डोकं असह्य दुखणं.

शेवटची ओळ तिने स्वतःची घातली आहे: "शौचाला जोर द्यायचा नाही." मी हसले, घसा दुखला. पण ते खरंच आहे. जोर दिला की पोटातला दाब वाढतो आणि पानथरीला तोही नको. म्हणून पाणी भरपूर, फळं मऊ करून, गरज पडली तर सारक औषध.

१५ फेब्रुवारी, दिवस १२

आज फक्त गिळण्याबद्दल. या आजारात दिवसाचं सगळं वेळापत्रक घशाभोवती फिरतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पाण्याचा एक घोट: तोंडात घेते. धरून ठेवते. हनुवटी किंचित खाली, खांदे वर, डोळे मिटलेले. मग सोडते. दोन्ही कानांत एकदम सुई टोचते आणि डोळ्यांतून पाणी येतं. पुढचा घोट नकोसा होतो, त्यामुळे पाणी कमी जातं, त्यामुळे घसा आणखी कोरडा, मग आणखी दुखतो.

यावर दोन दिवसांत बसलेली घडी अशी. आधी पॅरासिटामॉल. अर्धा-पाऊण तास थांबायचं. मग कोमट पाण्यात मिठाच्या गुळण्या, एका पेल्याला अर्धा चमचा. मग जे काय गिळायचं ते त्या पुढच्या दोन तासांत उरकायचं: सूप, कुस्करलेलं केळं, पाणी. मधल्या वेळात बर्फाचे तुकडे चोखायचे. आंबट बंद, तिखट बंद, टोस्टसारखं टोचणारं काही नाही. रात्री उशी उंच, उशाशी पाणी. पहाटे तीनचा घोट सगळ्यात वाईट, तो चुकवता येत नाही.

पॅरासिटामॉलला मर्यादा आहे. एरवी धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत चालतं, पण माझं यकृत आत्ता सुजलंय म्हणून डॉक्टरांनी मला ३ ग्रॅम ठरवून दिलं, ५०० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या. ताई पाकिटावर वेळ लिहिते. काल मी सर्दीची गोळी घ्यायला निघाले होते, तिने पाकीट हिसकावून मागचं वाचून दाखवलं. त्यातही पॅरासिटामॉलच. दारू यकृत ताळ्यावर येईपर्यंत नाही. तिचं मला काही नाही, सूप गिळताना जीव जातोय.

१८ फेब्रुवारी, दिवस १५

ताप ९९.४. लघवीचा रंग फिका झाला, म्हणजे पाणी पुरतंय. पुरळ उतरतंय, कातडी निघतेय. १४ तास झोपले.

२० फेब्रुवारी, दिवस १७

कपांची वाटणी. निळा ताईचा, पांढरा माझा, चमचे वेगळे, टूथब्रश वेगळ्या कपाटात. हा आजार लाळेतून जातो. टीममधल्या एकीने 'चुंबनाचा आजार' म्हणून डोळे मिचकावणारा मेसेज पाठवला. कोणाकडून आला ते शोधून काही हाती लागणार नाही. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ४ ते ६ आठवडे जातात, आणि ज्याच्याकडून आला त्याला बहुधा काही झालेलंही नसेल. मैदानावर एकच बाटली फिरते, ती पण आठवली.

ताई मात्र निवांत आहे. जगातल्या मोठ्या माणसांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना हा विषाणू कधीतरी होऊन गेलेला असतो, बहुतेकांना लहानपणी, साध्या सर्दीतापासारखा, कोणाच्या लक्षातही न येता. विशीच्या आसपास पहिल्यांदा गाठला की असा जोरात येतो. बरं झाल्यावरही लाळेतून तो महिनोन्महिने बाहेर पडतो आणि शरीरात तर जन्मभर निजून राहतो. त्यामुळे मला खोलीत कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. कप वेगळे ठेवायचे आणि हात धुवायचे.

पडल्या पडल्या जुनं वाचत होते. हा विषाणू १९६४ साली एपस्टाइन, अचाँग आणि बार या तिघांनी एका गाठीच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. मोनोशी त्याचा संबंध तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. तो लागला हेन्ले पतिपत्नींच्या प्रयोगशाळेत. तिथल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती, म्हणून तिचं रक्त ते तुलनेला वापरायचे. ती मोनोने आजारी पडली, परत कामावर आली, आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडं होती. १९६८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या मुलीला कामावर परतायला किती दिवस लागले असतील, मला तेच जाणून घ्यायचं होतं.

२३ फेब्रुवारी, दिवस २०

प्रगती ७० टक्के!

सकाळी उठले ती डोकं हलकं, घसा जवळजवळ ठीक. ताप चार दिवस नाही. अंघोळ केली, केस धुतले, टेबल आवरलं, चादर बदलली. ऑफिसचे ड्रॉइंग उघडले, जिन्याची सळई तपासली, दोन चुका काढून पाठवल्या. ऑफिसातून अंगठा आला. ताई बाहेर गेली होती तेव्हा ओल्या कपड्यांची बादली उचलून गच्चीत नेली. ती परत आली, दोरीवर कपडे बघितले, एक शब्द बोलली नाही. ताई गप्प बसली की ते ओरडण्यापेक्षा वाईट.

२४ फेब्रुवारी, दिवस २१

नाही.

२५ फेब्रुवारी, दिवस २२

कालचं लिहिते. पाय शिसं ओतल्यासारखे. उजेड नको, आवाज नको. अवधाणं पुन्हा दुखली. बाथरूमपर्यंत भिंतीला धरून गेले. ताप मात्र नव्हता, म्हणजे उलटलंय असंही म्हणता येईना. डॉक्टरांना फोन केला. पोटात, खांद्यात दुखतंय का ते त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "परवा काय काय केलंस?" मी यादी वाचली. बादलीपाशी त्यांनी थांबवलं.

२६ फेब्रुवारी, दिवस २३

'प्रगती ७० टक्के' खोडलं. तो आकडा मी कुठून आणला? अंघोळ करताना बरं वाटलं त्यावरून.

काँक्रीट ओतल्यावर त्याची ताकद कळायला आम्ही त्याच घाण्यातले क्यूब भरून ठेवतो, १५० मिलिमीटरचे. सातव्या दिवशी काही फोडतो, अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले. मशीनमध्ये घालून दाबायचं, तडकेपर्यंत. क्यूब फुटतो तेव्हा ताकद कळते. फुटला तरी चालतो, कारण स्लॅब वेगळा असतो. रविवारी मी स्लॅबच मशीनमध्ये घातला. किती झेपतंय बघू म्हणून न झेपेपर्यंत केलं, आणि ते न झेपणं त्या दिवशी दिसलंच नाही, दुसऱ्या दिवशी दिसलं.

तेव्हा वहीची मांडणी बदलते. डाव्या पानावर आज काय केलं. उजव्या पानावर त्याचा परिणाम, आणि तो रकाना आज भरायचा नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी भरायचा. उजवीकडे 'ठीक' असं लागोपाठ तीन वेळा आल्याशिवाय डावीकडे काही वाढवायचं नाही. बरं वाटलेल्या दिवशीही नाही. विशेषतः त्या दिवशी नाही.

याचं दुसरं टोक म्हणजे नुसतं पडून राहणं. तेही डॉक्टरांना नको आहे. योगायोगाने त्याच १९६४ सालचा एक अभ्यास आहे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा. सक्तीने अंथरुणात ठेवलेल्यांपेक्षा, जमेल तसं उठायची मुभा दिलेले लवकर सावरले. 'जमेल तसं' हे शब्द मात्र मी रविवारी वाचले असते तर बादलीसकट वाचले असते.

२८ फेब्रुवारी, दिवस २५

डावीकडे: अंघोळ (स्टुलावर बसून), दहा मिनिटं चालणं घरातल्या घरात, अर्धा तास वाचन. उजवीकडे: ठीक.

१ मार्च, दिवस २६

तेच. ठीक. कंटाळा.

४ मार्च, दिवस २९

अठ्ठावीस दिवस झाले. साहेबांचा फोन आला, आवाजात काळजी खरी होती, पण तिसऱ्या वाक्याला "मग सोमवारपासून?" आलंच. मोनो म्हटलं की लोकांना घसा कळतो. थकवा कळत नाही, कारण थकलेले सगळेच असतात. मी म्हटलं, "सर, अजून सेंटरिंग काढलेलं नाही." म्हणजे स्लॅबखालचे टेकू. ते हसले, म्हणाले डॉक्टरांचं पत्र पाठव. सगळ्यांना असे साहेब मिळत नाहीत, याची जाणीव आहे.

डॉक्टरांकडे गेले. पानथरी हाताला लागत नाही. एसजीपीटी ५८. म्हणजे खेळायला मोकळी का? नाही. हाताला न लागणं म्हणजे मूळ मापावर येणं नव्हे. शिवाय खेळाची परवानगी तारखेवर मिळत नाही: ताप नाही, दुखणं नाही आणि अंगात पूर्ववत दम, हे सगळं जमलं पाहिजे, मग आधी धक्का न लागणारा हलका व्यायाम, मग बाकीचं. धक्काबुक्कीच्या खेळाला त्या आणखी काही आठवडे देणार. वाद घातला नाही.

ताई आज गेली. फ्रिजवरचा कागद ठेवून गेली.

१० मार्च, दिवस ३५

घरून रोज दोन तास काम. आज विटांच्या कामाचं मोजमाप करताना लांबी गुणिले उंची केलं आणि दारं-खिडक्या वजा करायला विसरले. तीनदा तपासलं, तीनदा विसरले. चौथ्यांदा कागदावर दार काढलं तेव्हा दिसलं. डोक्यात धुकं असतं म्हणतात ते हे. यापुढे आकड्यांचं काम सकाळी दहाच्या आत, ४० मिनिटं, मग डोळे मिटून २० मिनिटं पडायचं, फोन दुसऱ्या खोलीत. फोन बघत पडणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे उजव्या पानाने दोनदा सिद्ध केलंय.

१९ मार्च, दिवस ४४

दिवसभर रडू येत होतं. कारण नाही. टीमने सामन्याचे फोटो टाकले, ते कारण धरता येईल. डॉक्टरांना सांगितलं. म्हणाल्या, लांबलेल्या आजारपणात मन खचतं, दोन आठवड्यांत उतरलं नाही किंवा झोप-भूक गेली तर लगेच सांग, त्यासाठी वेगळी मदत असते. दहातल्या एखाद्याला थकवा सहा महिन्यांपर्यंतही पुरतो, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. न विचारता सांगितलं नाही, ते बरं केलं.

झोपायची आणि उठायची वेळ ठरवली. दुपारची झोप तीनच्या आत, पाऊण तास.

२ एप्रिल, दिवस ५८

साइटवर पहिला दिवस, अर्धा. हेल्मेटचा पट्टा एक खाच आत घ्यावा लागला. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, प्रत्येक वळणावर थांबून. मुकादम माझ्या मागे मागे, हातात प्लॅस्टिकची खुर्ची, न बोलता. दुसऱ्या वळणावर बसले. वरच्या स्लॅबवर पाणी बांधून ठेवलं होतं, क्युरिंगचा पाचवा दिवस.

उजवीकडे (३ तारखेला भरलं): पाय जड, दुपारी दोन तास झोप, संध्याकाळी ठीक. मजले वाढवायचे नाहीत. वेळही नाही.

२४ एप्रिल, दिवस ८०

पूर्ण दिवसाचं काम सलग दोन आठवडे, उजवं पान स्वच्छ. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. आज मैदानावर १५ मिनिटं, मग स्वतःच बाहेर आले. बाटली घरून नेली होती.

उघडी कामं: पेनिसिलिनचं काय ते ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडून ठरवून घेणं. तोपर्यंत कुठल्याही डॉक्टरांना पुरळाची गोष्ट आधी सांगणं. एसजीपीटी शेवटचं एकदा.

परिणाम:

२५ एप्रिल, दिवस ८१

पोटऱ्या दुखतात, त्या खेळल्याने. बाकी ठीक. ताईला फोन करून सांगितलं. म्हणाली, छान, आणि माझा निळा कप तुझ्याकडेच राहिलाय, तो पाठव.